ढाल आणि दार

अहमदाबादच्या जुन्या शहरात, खमासा भागातल्या बुखारा मोहल्ल्यात, पारशांच्या अग्यारीसमोर एक सिनेगॉग आहे. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर. त्याचे नाव 'मागेन अब्राहम'. ते १९३४ मध्ये बांधून पूर्ण झाले आणि आज साऱ्या गुजरातमधले ते एकमेव सिनेगॉग आहे. आपल्या बडोद्यात एकही नाही. मात्र ते ज्या समाजाने उभारले तो समाज आपल्याला परका नाही. हे लोक कोकणातून आलेले 'बेने इस्रायल', म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यात दिवेकर, पेणकर, नवगावकर, राजपूरकर, एरूळकर अशी आडनावे आढळतात. ज्या १९३४ साली अहमदाबादेत या मराठी भाषक ज्यूंनी आपले सिनेगॉग उघडले, त्याच साली बडोद्यात ना. गो. चापेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. गुजरातच्या भूमीवर मराठी माणसे एकाच वर्षी दोन ठिकाणी एकत्र येत होती आणि दोघांपुढेही प्रश्न एकच होता. घरापासून दूर आल्यावर आपण आपले कसे राहायचे?

हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. पालकसभेत तो दर वर्षी निघतो. मराठीचे वर्ग रोडावत आहेत, मुले घरी गुजराती-हिंदी मिश्रित बोलतात, कार्यक्रमाला खुर्च्या जास्त आणि माणसे कमी असतात. त्यावर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'आता आपली संस्था आपल्यापुरतीच नीट सांभाळा, बाहेरच्यांची गर्दी नको.' दुसरा म्हणतो, 'काळाबरोबर जे जायचे ते जाणारच.' आमच्या मते हे दोन्ही सूर चुकीचे आहेत. का, ते सांगण्यासाठी आम्ही या अंकात आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या या समाजाची कहाणी वाचकांपुढे ठेवत आहोत.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून वाचलेली मोजकी माणसे कोकणात राहिली. त्यांनी तेलाचे घाणे चालवण्याचा धंदा धरला. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावकऱ्यांनी त्यावरून त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. ते ज्या गावात राहिले त्या गावावरून त्यांची आडनावे पडली. दिवे गावचे दिवेकर, पेणचे पेणकर. बायका नऊवारी नेसू लागल्या, लग्नात मंगळसूत्र आले, हळद-मेंदी आली. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' करून एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडण्याची प्रथा त्यांच्यात रुजली. जगातल्या इतर ज्यूंमध्ये ती या रूपात आढळत नाही.

कित्येक शतके या लोकांजवळ ना सिनेगॉग होते, ना धर्मगुरू, ना धर्मग्रंथ. एका गावात दोन घरे, दुसऱ्या गावात चार. तरी त्यांनी चार गोष्टी सोडल्या नाहीत. शनिवार पाळणे, मुलाची सुंता आठव्या दिवशी करणे, खवले नसलेला मासा न खाणे आणि 'शमा' ही हिब्रू प्रार्थना म्हणणे. बाकी सारे त्यांनी शेजाऱ्यांकडून आनंदाने घेतले. आम्हाला यात फार मोठे शहाणपण दिसते. काय सोडायचे नाही हे ज्याला नेमके माहीत असते, त्याला बाकीचे घेताना भीती वाटत नाही.

त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत १७९६ मध्ये उभे राहिले. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेतले एक अंमलदार. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तिथून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता अशी समाजात श्रद्धा आहे. त्या सिनेगॉगचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे दार. मराठी बोलणारे ज्यू आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत आणि आसपासचे लोकही तेच म्हणू लागले. मुंबईच्या मध्य रेल्वेवरच्या मशीद स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून, म्हणजे या सिनेगॉगवरून पडले असे सांगतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले लाल विटांचे 'ओहेल डेव्हिड' १८६७ मध्ये पुरे झाले, तेव्हा पुणेकरांनी त्याला नाव दिले 'लाल देऊळ'. मुंबईत ज्यूंचे प्रार्थनामंदिर मशीद झाले, पुण्यात ते देऊळ झाले. शेजाऱ्यांनी आपल्या ओळखीचा शब्द देऊन त्यांना आपल्यात घेतले, आणि त्यांनीही तो शब्द नाकारला नाही.

या सिनेगॉगांची नावे एकत्र वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. मुंबईचे 'दयेचे दार', ठाण्याचे १८७९ चे 'शाआर हाशामाइम' म्हणजे स्वर्गाचे दार. अलिबागचे 'मागेन अबोथ' म्हणजे पूर्वजांची ढाल, मुंबईचेच 'मागेन हसिदीम' म्हणजे भाविकांची ढाल आणि अहमदाबादचे 'मागेन अब्राहम' म्हणजे अब्राहमची ढाल. कुठे दार, कुठे ढाल. ही नावे हिब्रू प्रार्थनेतून आणि धर्मग्रंथांतून आलेली आहेत, तरी अल्पसंख्य समाजाला जगण्यासाठी लागणाऱ्या दोन्ही वस्तू त्यांत आल्या आहेत. ढाल आपले जे आहे ते राखते. दार दुसऱ्याला आत घेते. नुसती ढाल असेल तर समाज कोंडतो आणि नुसते दार असेल तर तो विखुरतो.

आता अहमदाबादकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल माणसे नोकरीनिमित्त कोकण आणि मुंबई सोडून बाहेर पडली. फौज, रेल्वे, टपाल खाते, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी त्यांना कामे मिळाली. अहमदाबादेत आलेल्या पहिल्या मंडळींत डॉ. अब्राहम एरूळकर यांचे नाव आदराने घेतले जाते. सुरुवातीला सिनेगॉग नव्हते. एरूळकरांच्या घरीच प्रार्थनेची जागा होती. आपल्या बडोद्यातल्या अनेक मंडळांची सुरुवातही कुणाच्या तरी ओटीवर, कुणाच्या वाड्यातच झाली हे जुन्या मंडळींना आठवत असेल. घरातल्या प्रार्थनेपासून १९३४ च्या भव्य वास्तूपर्यंत पोहोचायला या समाजाला कित्येक दशके लागली. उंच खांब, नक्षीदार जाळ्या, मोठी झुंबरे असलेली ही वास्तू वर्गणीतून आणि देणग्यांतून उभी राहिली. राजाश्रय त्यांना नव्हता. आपल्याला तो होता. बडोद्यात मराठी माणूस गायकवाडांच्या दरबाराच्या छायेत रुजला. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याचा लाभ आपल्या पूर्वजांनाही झाला. ज्यांना असा आश्रय नव्हता त्यांनी काय केले, हे म्हणूनच आपण पाहायला हवे.

त्यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे हजेरी. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे किमान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. याला 'मिनयान' म्हणतात. नऊ असले तर काही महत्त्वाच्या प्रार्थना म्हणता येत नाहीत आणि 'तोरा' या धर्मग्रंथाचे जाहीर वाचनही करता येत नाही. इमारत असो, पैसा असो, दहावा माणूस आला नाही तर काम अडते. तो दहावा माणूस विद्वान असावा लागत नाही, श्रीमंत असावा लागत नाही. त्याने फक्त यायचे असते. या नियमात स्त्रियांची गणना होत नाही, ती मर्यादा आम्ही मान्य करतो. जगातल्या काही ज्यू पंथांनी ती आता दूरही केली आहे. पण नियमामागचा हिशेब फार खरा आहे. समाज म्हणजे किती नावे नोंदवहीत आहेत ते नव्हे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी किती माणसे आली, हा समाज.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. हिब्रू प्रार्थना बहुतेकांना कळत नव्हत्या. तेव्हा त्यांनी त्या मराठीत आणल्या. वल्हांडण सणाला वाचायचा 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तन सुरू झाले. आपल्याच धाटणीचे कीर्तन, पण आख्यान मोशे, योसेफ किंवा एलियाहूचे. या कामात त्यांना बाहेरच्यांची मदत झाली आणि ती त्यांनी घेतली. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना प्रार्थना शिकवल्या. डॉ. जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायल मंडळींनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. एका हातात ढाल असली की दुसऱ्या हाताने दार उघडता येते, ते असे.

तिसरी गोष्ट म्हणजे शाळा, आणि ती तर आपल्याला थेट लागू आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या बंधूंनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिल्यावर तिला त्यांचे नाव देण्यात आले. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्रायल कुटुंबे तिकडे गेली आणि शाळेतली ज्यू मुले कमी होत गेली. अशा वेळी समाजाला दोन वाटा होत्या. शाळा बंद करणे, किंवा वस्तीतल्या मुलांसाठी ती खुली ठेवणे. शाळा खुली राहिली. तिथली बहुसंख्य मुले आज ज्यू नाहीत, मोठ्या संख्येने ती मुसलमान आहेत. ज्यूंनी काढलेल्या शाळेत शेजारची मुसलमान मुले शिकतात, यात काही नवल आहे असे त्या वस्तीत कुणाला वाटत नाही. कोलकात्यातल्या ज्यू मुलींच्या शाळेतही असेच घडले. अशा शाळांनी आपल्या संस्थापकांचे नाव पुसले नाही, उलट ते कित्येक पिढ्यांच्या तोंडी ठेवले.

अहमदाबादच्या लहानशा समाजाने शहराला काय दिले तेही पाहा. रूबेन डेव्हिड यांनी १९५१ मध्ये कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारले, त्यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी तिथला वाघ-सिंह पाहिला असेल. एस्तेर सॉलोमन या संस्कृतच्या विदुषी. गुजरात विद्यापीठात त्यांनी संस्कृत शिकवले आणि १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रूबेन डेव्हिड यांच्या कन्या एस्थर डेव्हिड यांना 'बुक ऑफ रेचेल' या इंग्रजी कादंबरीसाठी २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी कोकणात एकट्या राहिलेल्या एका वृद्ध ज्यू बाईची आहे. मुले परदेशी गेलेली, गावातले सिनेगॉग ओस पडलेले, आणि त्याच्या जागेवर दुसऱ्यांचा डोळा. ती बाई ते सिनेगॉग झाडते, पुसते आणि त्यासाठी लढते. हजेरीचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो?

आता एक कटू बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती स्तुती होईल. हा समाज सर्वांना सामावून घेणारा होता असे म्हणावे, तर त्यांच्यातच 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांना 'काळे' म्हणून बाजूला ठेवत, त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंनी तर १८३६ मध्ये दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी अशी मागणी सरकारकडे केली होती. एकाच देवाला मानणारी, एकाच दिशेला तोंड करून प्रार्थना करणारी माणसे, आणि मेल्यावरही मध्ये भिंत! पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांवर शंका घेतल्या, त्यांची वंशावळ तपासण्याचे फर्मान काढले. त्याविरुद्ध या लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. ज्यांनी स्वतः भेद पाळला होता त्यांना भेदाचा चटका बसला आणि ते त्याविरुद्ध उभे राहिले. गोरे-काळे हा भेदही काळाच्या ओघात विरत गेला. दुसऱ्याला सामावून घेणे हे कुठल्या समाजाच्या रक्तात नसते. ते पुन्हा पुन्हा ठरवावे लागते, एवढे यावरून दिसते.

'बाहेरच्यांना आत घेतले तर आपण विरघळून जाऊ' असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर याच इतिहासात आहे. बेने इस्रायल समाज भारतात आज लहान झाला आहे. एके काळी ते वीस हजारांच्या घरात होते, आता देशातले सारे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास आहेत, आणि गुजरातमध्ये तर दोनशेच्या आत. पण हे शेजाऱ्यांत मिसळल्यामुळे झाले का? नाही. शतकानुशतके ते शेजाऱ्यांत मिसळूनच वाढले होते. संख्या घटली ती स्थलांतरामुळे. आणि गेलेल्यांनीही मराठी तिथे नेली. दिमोना, अश्दोद, लोद, रामले या इस्रायलमधल्या गावांत आजही मराठी ऐकू येते. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी वर्षानुवर्षे काढले. कुणी आग्रह केला म्हणून नव्हे. ज्या भाषेत आपल्याला प्रेमाने घेतले गेले, ती भाषा माणूस सहज टाकत नाही. आपल्या दृष्टीने हा सर्वांत मोठा धडा आहे. मराठी टिकवायची असेल तर तिच्यात कुणाला तरी प्रेमाने घेतले गेले पाहिजे.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक कायद्याची बाजूही ठेवू इच्छितो. २०१८ मध्ये गुजरात सरकारने ज्यूंना राज्यात धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने ती २०१६ मध्ये दिली होती. त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्यात ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. १९३४ चा योगायोग असा पुन्हा एकदा जुळून आला. गुजरातमध्ये आपण भाषिक अल्पसंख्य आहोत, आणि राज्यघटनेचे ३० वे कलम धार्मिक तसेच भाषिक अल्पसंख्यांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते. काहींची समजूत असते की, हा हक्क हवा असेल तर संस्था फक्त आपल्याच लोकांसाठी ठेवली पाहिजे. तसे नाही. केरळच्या शिक्षण विधेयकाबाबत १९५८ मध्ये मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, समाजाबाहेरच्या काही मुलांना प्रवेश दिला म्हणून संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप जात नाही. म्हणजे घटनेने आपल्या हाती ढाल दिली आहे, पण दार बंद करायला सांगितलेले नाही.

म्हणून आम्ही तीन सूचना मांडत आहोत.

पहिली, शेजाऱ्यांसाठी मराठीचा वर्ग. आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, तासाभराचा. त्यात आपल्या वस्तीतली गुजराती, सिंधी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय मुले आणि त्यांचे पालकही यावेत. शुल्क नको, परीक्षा नको. गोष्टी, गाणी, गप्पा. शिकवायला वरच्या वर्गातली मुले पुढे यावीत. दुसऱ्याला आपली भाषा शिकवताना ती आपल्यालाही नव्याने येते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाचा आहे. जी मुले घरी मराठी बोलायला कंटाळतात, त्यांना 'तू शिकव' म्हटले की तीच मुले शब्द शोधू लागतील.

दुसरी, दहा कुटुंबांची पाळी. आपल्याकडे कार्यक्रमाची पत्रिका सर्वांना जाते आणि म्हणून कुणालाच ती आपली वाटत नाही. दर कार्यक्रमासाठी दहा कुटुंबांनी आधीच नाव द्यावे की, आम्ही हजर असू. आजी-आजोबांपासून शिशुवर्गातल्या मुलापर्यंत सगळे. स्त्री-पुरुष भेद अर्थातच नाही. भाषण करायचे नाही, देणगी द्यायची नाही, फक्त यायचे. वर्षाला दहा कार्यक्रम धरले तर शंभर कुटुंबांची वर्षातून एकेकदा पाळी येते. एवढे अवघड आहे का?

तिसरी, अहमदाबादची सहल. बडोद्याहून अहमदाबाद सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. आठवी-नववीच्या मुलांनी कांकरियाबरोबर मागेन अब्राहमही पाहावे. तिथल्या मंडळींची आधी रीतसर परवानगी घेऊन, डोके झाकून, शांतपणे. मात्र ही सहल संग्रहालय पाहायला गेल्यासारखी नसावी. तिथे भेटणारी माणसे जिवंत समाजाची माणसे आहेत. त्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडची मराठी आणि आपल्या आजी-आजोबांची मराठी एकाच घरातली आहे. मुलांनी त्यांना विचारावे, तुम्ही कसे टिकलात? आणि त्यांनाही आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलवावे.

या सूचनांना खर्च फारसा नाही. लागेल तो वेळ. पालकांना वेळ नसतो हे आम्हाला ठाऊक आहे. नोकऱ्या आहेत, शिकवण्या आहेत, दूरच्या सोसायट्यांतून येणे-जाणे आहे. पण मिनयानचा दहावा माणूसही दुकान बंद करून, पाळी बदलून, दूरच्या मोहल्ल्यातून चालत येत असणार. त्याच्या येण्याने बाकीच्या नऊ जणांची प्रार्थना पुरी होत असे. आपल्या शाळेतही कित्येकदा नऊ माणसे बसलेली असतात आणि एकाची वाट पाहत असतात.

समाजाची वाढ फक्त डोकी मोजून कळत नाही. दोनशेच्या आत असलेला एक समाज आपली वास्तू राखतो, सण साजरे करतो, आणि ज्या शहरात राहतो त्याला प्राणिसंग्रहालय, विद्वान आणि लेखिका देतो. आपण बडोद्यात त्यांच्या कितीतरी पट आहोत. तेव्हा संख्या कमी पडते ही तक्रार आपल्याला शोभत नाही.

विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत या तीन सूचनांचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. पालकांनी दहा कुटुंबांच्या पहिल्या यादीसाठी आपली नावे कार्यालयात द्यावीत. विद्यार्थी मित्रांनी शनिवारच्या वर्गात काय शिकवायला आवडेल ते आपल्या वर्गशिक्षकांना लिहून द्यावे. कुणाचे मत आमच्यापेक्षा वेगळे असेल तर तेही अवश्य पाठवावे, पुढच्या अंकात ते छापू.